कारपीसी

मोटारीच्या डॅशबोर्डमध्ये कंपनीने बसवून दिलेल्या नेव्हिगेशन यंत्रणेच्या जागी गाडीमालकाने बसवलेला सर्वसाधारण संगणक. मिनी-आयटीएक्स मदरबोर्डाभोवती घरी जुळवलेला संगणक, मॅक मिनी, रास्पबेरी पाय, डॅशबोर्डात पक्का केलेला टॅब्लेट आणि भारतात ‘अँड्रॉइड स्टिरिओ’ म्हणून विकला जाणारा संच, हे सगळे या एका नावाखाली येतात. काटेकोरपणे पाहिले तर पहिल्या दोघांनाच ते शोभते. पण बाकीच्यांच्या अडचणी त्याच असल्यामुळे येथे त्यांचाही विचार केला आहे. प्रोसेसर कोणता घ्यावा, हा या निवडीतला सर्वांत सोपा प्रश्न होय. काढायची ती पेटी नकाशा दाखवण्याखेरीज आणखी काय काय करत होती, आणि किल्ली फिरवल्यावर व काढल्यावर नव्या पेटीला वीज कशी मिळणार, हे दोन प्रश्न अवघड आहेत.

पूर्वपीठिका : गाडीतले नेव्हिगेशन उपग्रहांच्या आधाराशिवायच सुरू झाले. १९८१ मध्ये होंडाने जपानमध्ये ‘इलेक्ट्रो गायरोकेटर’ आणला. त्यातला हेलियम वायूवर चालणारा जायरोस्कोप गाडी किती वळली ते सांगे, अंतर चाकांच्या फेऱ्यांवरून मोजले जाई, आणि नकाशाचा पारदर्शक कागद चालकाने स्वतः पडद्यावर सरकवायचा असे. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ईटॅक कंपनीने नकाशे कॅसेटच्या फितीवर आणले. जीपीएस असलेली यंत्रणा गाडीतच बसवून आली ती १९९० मध्ये, माझदाच्या युनोस कॉस्मोमध्ये. मात्र नागरी वापराच्या जीपीएस संदेशात अमेरिकी सरकार तेव्हा मुद्दाम चूक मिसळत असे. मे २००० मध्ये ते थांबले आणि स्वस्तातल्या ग्राहक-यंत्रांनाही गाडी नेमक्या कोणत्या रस्त्यावर आहे ते कळू लागले. पाठोपाठ २००१ मध्ये तैवानच्या व्हीआयए कंपनीने १७ सेंमी. बाजूच्या चौरस मदरबोर्डाचा मिनी-आयटीएक्स आकार पुढे आणला. कारपीसीचा छंद या दोन गोष्टींवर उभा राहिला आणि फोफावला तो प्रामुख्याने अमेरिकेत. जानेवारी २००५ मध्ये आलेल्या मॅक मिनीने त्याला रूपही दिले : १६.५ सेंमी. चौरस आणि ५.१ सेंमी. उंच असलेली ही पेटी गाडीच्या स्टिरिओच्या खाचेत जवळजवळ बसत होती. ‘जवळजवळ’ या शब्दापायी अनेकांनी कानस हातात घेतली.

बदलण्याची कारणे : कंपनीची यंत्रणा बिघडली म्हणून फार कमी लोक ती काढतात, बहुधा ती शिळी झालेली असते. गाडी पंधरा वर्षे चालते, नकाशाची डीव्हीडी तीन वर्षांत जुनी होते, आणि पुढे त्या मॉडेलसाठी नवी डीव्हीडी निघणेच थांबते. दुसरे कारण पडद्याच्या हट्टीपणाचे. टोयोटाच्या अनेक गाड्यांत चाके फिरू लागली की पत्ता टाकता येत नसे. चालकाने टाकू नये हे योग्यच, पण शेजारच्या आसनावर रिकाम्या बसलेल्या माणसालाही ती सोय नव्हती. जपानमध्ये वापरून झालेल्या गाड्या न्यूझीलंड, श्रीलंका, केनिया अशा देशांत जातात. तेथे पेटी उघडली की नकाशा जपानचा, अक्षरे जपानी आणि एफएम रेडिओ ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा. अशा गाडीत संगणक बसवणे ही हौस उरत नाही. बंद पेटीपुढे मालक किती हतबल असतो, हे जानेवारी २०२२ मध्ये दिसले. होंडा व अक्युराच्या अनेक जुन्या गाड्यांतली घड्याळे एकाएकी २००२ सालात गेली, आणि ऑगस्टपर्यंत थांबा, ती आपोआप सुधारतील, एवढेच उत्तर मालकांना मिळाले.

जुन्या पेटीची इतर कामे : आयएसओ ७७३६ या मानकानुसार स्टिरिओची खाच १८० मिमी. रुंद व ५० मिमी. उंच असते, ‘डबल डिन’ म्हणजे तिची उंची दुप्पट. या मापाच्या गाडीत जुना संच काढून नवा बसवणे हे तासाभराचे काम. पण पुढे पडदा डॅशबोर्डच्याच आकाराचा भाग झाला आणि एसी, गाडीच्या सेटिंग्ज, रिव्हर्स कॅमेरा, ब्लूटूथ हे सगळे त्याच्यात शिरले. २००१ च्या बीएमडब्ल्यू ७ मालिकेपासून काही महागड्या गाड्यांत ‘मोस्ट’ नावाचे प्रकाशतंतूंचे जाळे आले. हे जाळे वर्तुळाकार असते. एक यंत्र काढले की वर्तुळ तुटते आणि ॲम्प्लिफायरपासून फोनपर्यंत सगळे मुके होते. रिकाम्या जागी जोड घालून वर्तुळ पूर्ण करावे लागते. कॅनबस या गाडीच्या अंतर्गत संदेशजाळ्यावरून येणारी स्टिअरिंगवरची बटणे नव्या संगणकाला समजावीत म्हणून मध्ये दुभाषा डबी लागते ती वेगळीच.

या दृष्टीने टोयोटा प्रियसची दुसरी पिढी (२००३–०९) हे अभ्यासण्यासारखे उदाहरण. तिच्या सात इंची स्पर्शपडद्यावर इंजिन, बॅटरी व चाके यांच्यातला ऊर्जेचा प्रवाह दिसे, सरासरी इंधनवापराचा आलेख दिसे, एसीची बरीचशी बटणेही त्याच पडद्यावर होती. तो उपटून दुसरा बसवणे म्हणजे गाडीचा अर्धा कारभार गमावणे. म्हणून जाणत्या हौशी मंडळींनी पडदा जागच्या जागी ठेवला, संगणक मागे सामानाच्या जागेत किंवा आसनाखाली दडवला आणि त्याचे चित्र मधल्या एका जोडडबीतून मूळ पडद्यावर आणले. एक बटण दाबले की गाडीचा पडदा, पुन्हा दाबले की संगणकाचा. स्पर्श ओळखण्यासाठी काहींनी टोयोटाच्या एव्हीसी-लॅन या अंतर्गत जाळ्यावरचे संदेश वाचले, तर काहींनी तो नाद सोडून लहानसा कळफलक ठेवला. प्रस्तुत लेखकाच्या मते हा मार्ग सर्वांत शहाणपणाचा होता आणि आजही आहे : भर घालावी, उचकटू नये.

वीजपुरवठा : कारपीसी बसवण्याचे बहुतेक प्रयत्न येथे फसतात. गाडीची वीज ‘१२ व्होल्ट’ म्हटली जाते, पण ते नावापुरते. इंजिन चालू असताना ती १४ च्या आसपास असते, सेल्फ मारताना थंडीत ६ ते ८ पर्यंत कोसळते, आणि इंजिन चालू असताना बॅटरीची तार निसटली तर क्षणभर कित्येक पटींनी उसळते. फोनला ही कोसळ जाणवत नाही, कारण त्याच्या पोटात स्वतःची बॅटरी असते. संगणक मात्र प्रत्येक सेल्फला बंद पडून पुन्हा सुरू होतो. सुरुवातीचे लोक इन्व्हर्टर लावत : १२ व्होल्ट एकदिश प्रवाहाचे २३० किंवा ११० व्होल्ट प्रत्यावर्ती करायचे आणि लॅपटॉपच्या चार्जरने त्याचे परत १९ व्होल्ट एकदिश करायचे. द्राविडी प्राणायाम तो हाच. त्याऐवजी थेट एकदिश ते एकदिश पुरवठा घ्यावा. एम२-एटीएक्स हा या कामातला गाजलेला पुरवठा ६ ते २४ व्होल्टपर्यंत काहीही पचवून १६० वॉट देतो. मॅक मिनीच्या पहिल्या पिढीला १८.५ व्होल्ट लागत, म्हणून तिच्यासाठी वेगळे पुरवठे निघाले. प्रियस येथेही नशीबवान ठरली : तिचे इंजिन मोठ्या बॅटरीवरच्या मोटारीने फिरवले जाते, त्यामुळे १२ व्होल्टच्या बॅटरीवर सेल्फचा भार येतच नाही.

चांगला पुरवठा किल्लीच्या तारेवर लक्ष ठेवतो. किल्ली काढली की काही सेकंद वाट पाहतो, संगणकाला बंद होण्याचा इशारा देतो, त्याला पुरेसा वेळ देतो आणि मग तार पूर्णच तोडतो. हा शेवटचा टप्पा वगळून संगणक नुसता झोपवून ठेवण्याचा मोह होतो, कारण झोपलेला संगणक पटकन जागा होतो. त्याचा हिशेब करून पाहावा. झोपेत ०.३ अँपिअर ओढणारा संगणक ४५ अँपिअर-तासांची बॅटरी १५० तासांत, म्हणजे सहा दिवसांच्या आत-बाहेर, कोरडी करतो. सेल्फ मारण्याची ताकद त्याच्या बरीच आधी जाते. गणपतीला गाडी मुंबईत ठेवून एसटीने कोकणात गेलेल्या माणसाला परतल्यावर धक्का मारायला शेजारी शोधावे लागतील.

सुरू होण्यास लागणारा वेळ हा याच प्रश्नाचा दुसरा चेहरा. अमेरिकेत मे २०१८ पासून सर्व नव्या हलक्या वाहनांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे आणि गाडी मागे घेऊ लागल्यापासून दोन सेकंदांत चित्र दिसले पाहिजे असा नियम आहे. घरगुती बनावटीच्या संगणकाला एवढ्यात स्वतःचे नावही आठवत नाही. तेव्हा कॅमेऱ्याची तार संगणकातून न नेता थेट पडद्याला जोडावी, आणि रिव्हर्सच्या दिव्याची वीज मिळताच पडदा आपोआप कॅमेऱ्याकडे वळेल असाच घ्यावा.

ऊन आणि साठवण : काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्डचे तापमान ७० अंशांच्या वर जाऊ शकते. साध्या हार्डडिस्कची चालण्याची मर्यादा ५ ते ६० अंश सेल्सियसच्या आत असते. म्हणजे विदर्भातला मे आणि कॅनडातला जानेवारी दोन्ही तिला नकोत. वाहनांसाठी बनवलेल्या चिपा उणे ४० पासून ८५ किंवा १०५ अंशांपर्यंत चालतील अशा तपासलेल्या असतात. कंपनीची यंत्रणा संथ आणि महाग वाटते त्यामागे हेही एक कारण आहे. एसएसडी आल्यावर धक्के व थंडी यांचा प्रश्न बराच सुटला. रास्पबेरी पायवर मात्र नवा आला : वीज अचानक गेली की मायक्रोएसडी कार्डावरची माहिती बिघडते. उपाय म्हणजे कार्ड फक्त वाचता येईल असे बांधून ठेवायचे.

स्थाननिश्चिती : या एका बाबतीत जुनी पेटी अजून सरस ठरते. तिला गाडीच्या वेगाचे ठोके आणि जायरोस्कोप यांची जोड असते, म्हणून उपग्रह दिसेनासे झाले तरी ती अंदाजाने चालत राहते. गायरोकेटरचीच ही विद्या. २००४ नंतर लोकप्रिय झालेल्या सर्फस्टार-३ चिपेचे यूएसबी जीपीएस संवेदनशील होते, पण भुयारात तेही आंधळेच. अमेरिकेतल्या बॉस्टन शहराखालच्या बोगद्यांत आतच फाटे फुटतात, तेथे ही उणीव महागात पडते. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या सुमारे दोन किलोमीटरच्या बोगद्यात मधे फाटा नाही, त्यामुळे बाण थांबला तरी वाट चुकत नाही. वेगाची तार जोडता येणारे जीपीएस मिळतात. जोडण्याची तयारी असेल तर तेच घ्यावे.

पडदा उन्हात वाचता आला पाहिजे, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ते कधीच कळत नाही. आवाजाच्या बाबतीत अर्थिंग दोन ठिकाणी दिले की स्पीकरमधून इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ येते. सगळ्या यंत्रांचे अर्थिंग एकाच बिंदूवर न्यावे.

सॉफ्टवेअर आणि फोनचे आगमन : पूर्वी विंडोजवर मोठ्या बटणांचा मुखवटा चढवावा लागे. रोडरनर आणि सेंट्राफ्यूज ही त्यांतली परिचित नावे. आपला मुखवटा आपणच रंगवण्यात या छंदाचा निम्मा आनंद होता. २०१४ मध्ये ॲपलने कारप्ले जाहीर केले, त्याच वर्षी गूगलने अँड्रॉइड ऑटो, आणि सगळी मांडणी उलटली. नकाशा, गाणी, आवाज ओळखणे ही कामे खिशातल्या फोनने उचलली. गाडीतल्या पेटीकडे पडदा, स्पर्श आणि स्पीकर एवढेच राहिले. फोन चार वर्षांनी बदलतोच, त्यामुळे नकाशा शिळा होण्याचा मूळ प्रश्न मिटला. आज रास्पबेरी पाय घेणाराही अनेकदा क्रँकशाफ्ट किंवा ओपनऑटो घालून त्याचा अँड्रॉइड ऑटोचा पडदाच बनवतो.

भारतातल्या खरेदीत एक गोंधळ नेहमीचा. ‘अँड्रॉइड स्टिरिओ’ म्हणजे आतच अँड्रॉइड असलेला संच. अँड्रॉइड ऑटो ही फोनचे चित्र पडद्यावर आणण्याची सोय. पहिल्यात दुसरी असेलच असे नाही. खोक्यावर रॅम आणि साठवणीचे आकडे ठळक छापलेले असतात, दुकानदारही तेच सांगतो. विचारायचे असते वेगळेच : या मॉडेलचा कपलर (मूळ वायरिंगला बसणारा तयार जोड) मिळतो का, की वायर कापावी लागेल? कापलेल्या वायरिंगवर वॉरंटी नाकारण्यास कंपनीला निमित्त मिळते. स्टिअरिंगची बटणे चालतील का? किल्ली दिल्यापासून किती सेकंदांत कॅमेरा दिसेल? आणि हे सगळे गाडीत लावून, उन्हात नेऊन दाखवाल का? देवनागरीत नकाशा हवा असलेल्याला खास संच शोधण्याची गरज नाही. जानेवारी २०२१ मध्ये गूगल मॅप्सने स्थळनावांचे मराठीसह दहा भारतीय भाषांत लिप्यंतर जाहीर केले, आणि ते फोनमधूनच येते.

कायदा देशागणिक बदलतो. ब्रिटनच्या १९८६ च्या वाहनबांधणी व वापर नियमांत चालकाला दिसेल अशा पडद्यावर काय दाखवता येते यावर मर्यादा आहे; नकाशा चालतो, चित्रपट चालत नाही.

काढलेली जुनी पेटी, तिचे स्क्रू आणि भोवतालची चौकट एकाच पिशवीत बांधून माळ्यावर ठेवावी. गाडी विकताना गिऱ्हाईक हटकून ‘कंपनी फिटेड कुठाय?’ असे विचारते.