राजधानी डोंगर चढायची तेव्हा

थंडीची लाट आली की पुण्याच्या वर्तमानपत्रांत एक छायाचित्र हमखास छापून येतं : महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या धक्क्यावर आणि लिंगमळ्याच्या गवतावर गोठलेलं दव. घरापासून सव्वाशे किलोमीटरवर पुणेकराला दिसणारं बर्फ ते एवढंच. पर्यटक पहाटेच्या अंधारात ते पाहायला धावतात आणि स्ट्रॉबेरीचा शेतकरी त्याच वेळी आपली रोपं कशी वाचतील या घोरात असतो.

एकाची मौज आणि दुसऱ्याची धास्ती एकाच वाफ्यावर उभी असण्याला डोंगरावरच्या सुट्टीइतकाच जुना इतिहास आहे. आल्प्समधल्या खेड्यांचंच पाहावं. हिवाळा म्हणजे गुरं गोठ्यात, माणसं चुलीपाशी आणि हाताला काम नाही, असा तिथला शतकांचा रिवाज होता. सेंट मॉरिट्झचा हॉटेलवाला योहानेस बाड्रुट याने १८६४ साली आपल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली, हिवाळ्यात या, ऊन मिळालं नाही तर प्रवासखर्च माझा, अशी कथा तिथे सांगतात. पुढच्याच वर्षी दावोसला क्षयाचे रुग्ण भर हिवाळ्यात हवापालटासाठी आले. नॉर्वेतली बर्फावर घसरायची लाकडी पट्ट्यांची जोडी तिथे पोहोचली आणि १८९४ मध्ये शेरलॉक होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉयल दोन स्थानिक भावांना सोबत घेऊन त्या पट्ट्यांवरून दावोसहून आरोसाला गेला. वर्षातले मेलेले महिने गावाच्या कमाईचे झाले. या स्की-सुट्टीच्या गावांचं महाराष्ट्रातलं सर्वांत जवळचं भावंड महाबळेश्वर. मात्र इथला मोसम गावाने शोधला नाही. तो सरकारने ठरवला.

मूळ गाव म्हणजे क्षेत्र महाबळेश्वर. कृष्णेचा उगम, पंचगंगेचं मंदिर, यात्रेकरू आणि त्यांचे उपाध्ये. देवगिरीच्या यादवांपैकी सिंघणाने तेराव्या शतकात इथे बांधकाम केल्याचं सांगितलं जातं. खाली जावळीत चंद्रराव मोऱ्यांची सत्ता होती, ती शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये घेतली आणि पाठोपाठ प्रतापगड उभा राहिला. आजूबाजूच्या रानात कोळी, कुणबी, धनगर राहत. शिवाय धावड होते. हे लोक जांभ्यातलं लोखंड कोळशाच्या भट्टीत वितळवून काढत. पुढे जंगलावर सरकारी राखण आली, कोळसा परवडेनासा झाला आणि त्या भट्ट्या थंडावल्या. महाबळेश्वरच्या इतिहासात धावडांना दोन ओळींपेक्षा जास्त जागा कुणी दिली नाही, हे खटकतं.

१८२४ मध्ये साताऱ्याच्या छावणीतला अधिकारी पीटर लॉडविक हा पठार चढून आला आणि इथल्या हवेची वाखाणणी त्याने वर्तमानपत्रांतून केली. साताऱ्याचा रेसिडेंट जॉन ब्रिग्ज याने इथे घर बांधलं आणि छत्रपती प्रतापसिंहांकडून रस्ता करवून घेतला. १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम स्वतः येऊन गेला. दुसऱ्याच वर्षी करार झाला : पठारावरची जागा इंग्रजांना, त्या बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव महाराजांना. नव्या वस्तीचं नाव माल्कम पेठ ठेवलं गेलं.

याच माल्कमने त्याच सुमारास पुण्याजवळ दापोडीचा बंगला सरकारसाठी घेतला. महाबळेश्वर आणि दापोडी या दोन ठिकाणांतून मुंबई इलाख्याचं वर्षाचं वेळापत्रक आकाराला आलं. हिवाळा मुंबईत, एप्रिल-मे महाबळेश्वरी, पाऊस लागला की पुणे. फायली, कारकून, पट्टेवाले, घोडे, स्वयंपाकी असं सगळं लटांबर वर्षातून तीनदा बिऱ्हाड हलवायचं. दापोडीनंतर गणेशखिंडीत १८६४ ते १८७१ या काळात गव्हर्नरासाठी प्रासाद बांधला गेला. आज तो सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. २२ जून १८९७ च्या रात्री रँड आणि आयर्स्ट हे इंग्रज अधिकारी याच प्रासादातल्या समारंभाहून परतत असताना चापेकर बंधूंनी त्यांना गाठून गोळ्या घातल्या. जूनच्या उत्तरार्धात गव्हर्नर पुण्यातच असणार, हे तेव्हा कुणालाही ठाऊक होतं.

वर जायचं कसं, हा सुरुवातीला मोठाच प्रश्न होता. मुंबईकर बाणकोटच्या खाडीतून महाडच्या बाजूला येत आणि तिथून पालखीत बसून घाट चढत. पालखीखाली खांदा भोयांचा. १८६३ मध्ये बोरघाटातला लोहमार्ग पूर्ण झाला आणि वाट पुण्यावरून वळली. पुण्याहून टांगा निघे तो कात्रज, खंडाळा, खंबाटकीचा घाट, वाई करत पसरणीचा घाट चढे. पुढे साताऱ्याकडे रेल्वे गेल्यावर वाठार स्टेशनवर उतरून टांगा करण्याची सोय झाली. मोसमाचं ओझं असं वाटेवरच्या गावांनीही उचललं आणि त्यातून चार पैसेही मिळवले.

आणि वरचे रस्ते? ते खणले चिनी आणि मलायी कैद्यांनी. समुद्रापलीकडच्या इंग्रजी वसाहतींतून शिक्षा झालेल्या या माणसांना माल्कम पेठेच्या तुरुंगात ठेवलं जाई. रस्त्यांची कामं उरकून त्यांनी बटाटे आणि विलायती भाज्यांचे मळे फुलवले. साहेबाच्या जेवणाचं ताट त्यांच्या घामावर भरत होतं. तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला. भाजीपाल्याची विद्या मात्र आसपासच्या शेतकऱ्यांच्या हाती राहिली, आणि आजच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांकडे पाहताना ही पूर्वपीठिका विसरता येत नाही. लॉडविक, एल्फिन्स्टन, आर्थर यांच्या नावाने एकेक कडा आहे. कैद्यांची आठवण एका धबधब्याने ठेवली, चायनामन फॉल, तीही कुणाचं नाव न घेता.

पावसाळ्यात इथे पाच-सहा हजार मिलिमीटर पाणी कोसळतं. जूनच्या आरंभी साहेब उतरले की बंगल्यांच्या भिंतींना गवताचे जाड तट्टे बांधले जात आणि बाजार ओस पडे. वेण्णा तलावातल्या बोटीही थांबत. हा तलाव साताऱ्याच्या महाराजांनी १८४२ मध्ये बांधवला तो पाण्यासाठी, नौकाविहाराची चैन नंतरची. मोसमात मिळालेल्या मजुरीवर आणि नाचणी-वरीच्या पिकावर वर्ष काढायचं, ही स्थानिकांची रीत होती.

पाचगणीचं वळण थोडं निराळं. जॉन चेसन नावाच्या इंग्रजाने १८६० च्या दशकात तिथे वस्ती वाढवली, कारण तिथला पाऊस सोसण्याजोगा होता. त्यामुळे बारा महिने चालणाऱ्या शाळा तिथे रुजल्या. १९१२ मध्ये डॉ. रुस्तम बिलिमोरिया यांनी क्षयरुग्णांसाठी बेल-एअर आरोग्यधाम काढलं. दावोसची आठवण इथे आल्यावाचून राहत नाही. तिथली सॅनेटोरियमं मात्र पुढे हॉटेलं झाली. बेल-एअर रुग्णालयच राहिलं, आणि या गोष्टीचा पाचगणीकरांनी अभिमान बाळगावा.

स्वातंत्र्यानंतर साहेबांच्या जागी मधुचंद्राला निघालेली जोडपी, शाळेच्या सहली आणि मुंबई-पुण्याची कुटुंबं आली. १९५९ मध्ये पाचगणीत मॅप्रोने फळप्रक्रिया सुरू केली. मध, जॅम, चपला, चणे यांच्या पिशव्या घेऊन एसटी घाट उतरू लागली. २०१७ मध्ये भिलार हे पुस्तकांचं गाव झालं आणि घराघरांत वाचकांसाठी कपाटं आली. आता पावसाळाही रिकामा राहिलेला नाही. आल्प्सच्या हिवाळ्याचं जे झालं तेच इथल्या पावसाळ्याचं मोटारींनी केलं. जुलैतल्या रविवारी पसरणीच्या घाटात गाड्यांची रांग लागते.

२००१ मध्ये केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, तेव्हापासून बांधकामांवर बंधनं आहेत. गर्दी वळवण्यासाठी आता सह्याद्रीच्या माथ्यावरच्या आणि कोयनेच्या खोऱ्यातल्या शेकडो गावांवर ‘नवीन महाबळेश्वर’ वसवण्याचा बेत सुरू आहे. १८२९ च्या करारात एका बाजूला सरकार होतं आणि दुसऱ्या बाजूला महाराज. पठारावरच्या कोळ्यांना आणि धावडांना कुणी विचारलं नव्हतं. या खेपेला प्रत्येक गावाची ग्रामसभा बसली पाहिजे, आणि हॉटेलांच्या नकाशाआधी तिथल्या वाड्यांच्या उन्हाळ्यातल्या पाण्याची तजवीज कागदावर आली पाहिजे.