उलाळ गाडी ते स्प्रिंगचे दांडे

आमच्या भिलाईत पोलाद वाहणारे ट्रेलर बघताना बैलगाडीचा शब्द आठवतो, उलाळ. माल मागे जास्त झाला की जू वर उचलतं. पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर बसतं.

तोफखान्याने तोफेचं शेपूट दोन चाकांच्या लिंबरवर टेकवलं. घोड्यांनी फक्त ओढायचं. दुसऱ्या महायुद्धात मोटार आली, तरी २५ पौंडी तोफेपुढे लिंबर राहिलंच.

आजच्या प्रवासी ट्रेलरचाही पेच तोच. वजनाचा १० ते १५ टक्के भार आकड्यावर हवा, नाहीतर ट्रेलर डोलतो. पण त्यानेच मोटारीची पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग सैल पडतं. म्हणून स्प्रिंगचे दांडे ताणून भार पुढच्या चाकांवर परत आणतात. पुढच्या चाकावरची उंची जोडण्याआधी मोजा. दांडे ताणल्यावर ती जवळपास तेवढीच भरली पाहिजे. गाडीवानाची नजर, आता टेपने.