स्थानिक वेबसर्व्हर व जावास्क्रिप्ट साधने : दोषशोधन

वेबपृष्ठे व जावास्क्रिप्ट आज्ञावल्या स्वतःच्या संगणकावर तयार करताना लागणारे सर्व्हर, पॅकेज व्यवस्थापक, बांधणीची साधने आणि ब्राउझरमधील तपासणीची साधने यांत येणाऱ्या अडचणींचे कारण शोधून ती दूर करण्याची पद्धती. व्यवहारात तिला ‘डीबगिंग’ किंवा ‘ट्रबलशूटिंग’ म्हणतात. आज्ञावलीतील चूक हा या पद्धतीचा एक भाग झाला. दुसरा आणि नवशिक्याला अधिक छळणारा भाग म्हणजे आज्ञावली बरोबर असूनही ती न चालणे. असा दोष बहुधा दोन व्यवस्थांच्या सीमेवर सापडतो : फाइल व सर्व्हर, नाव व पत्ता, एक कार्यप्रणाली व दुसरी, अक्षर व बाइट. म्हणून कोणत्या सीमेवर व्यवहार अडला हे ठरवणे, ही दोषशोधनाची पहिली पायरी होय.

बेलव्ह्यूचे स्थान : यांतले बरेच दोष विंडोजला मिळालेल्या वारशातून येतात आणि त्या वारशाची घडण बेलव्ह्यूत झाली. बेलव्ह्यू हे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील शहर सिॲटलसमोर, लेक वॉशिंग्टन सरोवराच्या पूर्व काठावर वसले आहे. १९५३ मध्ये त्याला शहराचा कायदेशीर दर्जा मिळाला. मायक्रोसॉफ्ट कंपनी १९७९ च्या आरंभी आल्बुकर्कीहून येथे आली आणि १९८६ मध्ये शेजारच्या रेडमंडला गेली. वैयक्तिक संगणकाची घडी बसवणारे अनेक निर्णय या सात वर्षांतले आहेत. सिॲटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या कंपनीत टिम पॅटरसन यांनी लिहिलेली ८६-डॉस ही कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टने १९८१ मध्ये विकत घेतली व तिची एमएस-डॉस केली. १९८३ मध्ये एमएस-डॉसची दुसरी आवृत्ती आली, तर नोव्हेंबर १९८५ मध्ये विंडोजची पहिली.

जावास्क्रिप्टचा जन्म मात्र कॅलिफोर्नियातला. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये ती रचली. ऑगस्ट १९९६ मध्ये आलेल्या इंटरनेट एक्सप्लोरर ३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘जेस्क्रिप्ट’ या नावाने आपली आवृत्ती दिली आणि १९९७ मध्ये भाषेचे पहिले प्रमाणक प्रसिद्ध झाले. रायन डाल यांनी २००९ मध्ये नोड ही प्रणाली मांडली, तेव्हा जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेरही चालू लागली व सर्व्हर लिहिण्याच्या कामी आली. पुढे टाइपस्क्रिप्ट (२०१२) आणि व्हिज्युअल स्टुडिओ कोड (२०१५) ही साधने मायक्रोसॉफ्टनेच दिली. अशा रीतीने युनिक्सच्या वळणाने वाढलेली साधने आणि बेलव्ह्यूच्या काळात घडलेली कार्यप्रणाली एकाच मेजावर आली. त्यांच्या सांध्यावरचे दोष आज पुण्यातल्या विद्यार्थ्याला आणि बेलव्ह्यूतल्या अभियंत्याला सारखेच भेटतात.

वारशाने आलेले दोष : एमएस-डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डरांची उतरंड आली. युनिक्समध्ये फोल्डरांची नावे साध्या तिरप्या रेघेने, म्हणजे स्लॅशने, जोडतात. डॉसमध्ये ती रेघ आज्ञांचे पर्याय देण्यासाठी आधीच वापरात होती, म्हणून उलटी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, निवडली गेली. जावास्क्रिप्टच्या अक्षरमालेत, म्हणजे स्ट्रिंगमध्ये, मात्र बॅकस्लॅशला वेगळाच अर्थ आहे : त्यापुढे रोमन ‘एन’ आले तर नवी ओळ, ‘टी’ आले तर टॅब. त्यामुळे ‘न्यू’ किंवा ‘टेस्ट’ नावाच्या फोल्डरचा विंडोज पद्धतीचा मार्ग रोमन लिपीत जसाच्या तसा आज्ञावलीत लिहिला, की तो आतून मोडतो आणि ‘फाइल सापडत नाही’ असा संदेश येतो. विंडोजवरही नोड साधा स्लॅश स्वीकारतो. तो वापरावा, किंवा नोडच्या ‘पाथ’ विभागातील ‘जॉइन’ या क्रियेने मार्ग जोडावा.

विंडोजवर फाइलनावातील लहान व मोठी रोमन अक्षरे सामान्यतः एकच मानली जातात, तर लिनक्सवर ती वेगळी असतात. फाइलच्या नावात मोठे ‘एम’ आणि आयात करणाऱ्या ओळीत लहान ‘एम’ असेल, तर घरच्या संगणकावर सारे सुरळीत चालते आणि लिनक्स सर्व्हरवर चढवताच कोसळते. ओळ संपवण्याची रीतही वेगळी आहे. सीपी/एम या जुन्या कार्यप्रणालीकडून डॉसने व डॉसकडून विंडोजने ‘कॅरेज रिटर्न’ व ‘लाइन फीड’ अशी दोन चिन्हे घेतली, युनिक्समध्ये फक्त दुसरे आहे. विंडोजवर जतन केलेली आज्ञाफाइल लिनक्सवर चालवली, की पहिल्याच ओळीतील नोडच्या नावाला अदृश्य कॅरेज रिटर्न चिकटते आणि नोड बसवलेला असूनही तो सापडत नसल्याची तक्रार येते. संपादकात ओळीचा शेवट बदलून फाइल पुन्हा जतन केली की हा दोष जातो.

विंडोजमधील मार्गाची लांबी पूर्वापार २६० चिन्हांपुरती होती. एनपीएम हा पॅकेज व्यवस्थापक सुरुवातीला पॅकेजात पॅकेज अशी खोल रचना करी, त्यामुळे ही मर्यादा ओलांडली जाई व फोल्डर पुसताही येत नसे. २०१५ मध्ये एनपीएमच्या तिसऱ्या आवृत्तीने ही रचना सपाट केली. २०१६ पासून विंडोज १० मध्ये ही मर्यादा उठवण्याची सोयही झाली.

शोधाचा क्रम : संदेश पूर्ण वाचावा. लांबलचक मजकुरात बहुधा पहिला दोष मूळचा असतो आणि त्याखालचे पुष्कळसे त्याचे परिणाम असतात, म्हणून वाचन वरून सुरू करावे. मग खालच्या थरापासून एकेक प्रश्न सोडवत वर जावे. नोड बसला आहे काय आणि त्याची आवृत्ती कोणती? सर्व्हर खरोखर सुरू आहे काय? तो कोणत्या पत्त्यावर व पोर्टवर ऐकत आहे? ब्राउझरची मागणी त्याच्यापर्यंत पोचते काय? उत्तर कोणत्या क्रमांकाचे व कोणत्या प्रकारचे येते? त्या उत्तरातील आज्ञावली चालते काय? शेवटच्या तीन प्रश्नांची उत्तरे ब्राउझरमध्ये एफ-१२ कळ दाबून उघडणाऱ्या साधनांत मिळतात : ‘नेटवर्क’ भागात मागण्यांची यादी व ‘कन्सोल’मध्ये दोषसंदेश. ४०४ आल्यास सर्व्हर जिवंत आहे, मागितलेली वस्तू तेथे नाही. ५०० आल्यास दोष सर्व्हरच्या आज्ञावलीत आहे व तो टर्मिनलमध्ये पाहावा. क्रमांकच न येता ‘जोडणी नाकारली’ असे आले, तर ब्राउझर सोडून पोर्टकडे वळावे. एका वेळी एकच बदल करावा, कारण दोन बदल एकदम केले तर कोणता लागू पडला हे कळत नाही आणि पुढच्या वेळी तोच शोध पुन्हा करावा लागतो.

पोर्ट व पत्ता : एका पत्त्यावरील एक पोर्ट सामान्यतः एकाच कार्यक्रमाला मिळतो. पूर्वीचा सर्व्हर नीट बंद झाला नसेल, तर नवा सुरू होताना ‘पत्ता आधीच वापरात’ अशा अर्थाचा संदेश येतो. विंडोजवर ‘नेटस्टॅट’ आज्ञेने त्या पोर्टवरील प्रक्रियेचा क्रमांक मिळतो व ‘टास्ककिल’ने ती थांबवता येते. मॅक व लिनक्सवर ‘एलएसओएफ’ व ‘किल’ या आज्ञा आहेत. पोर्ट ८० वर ‘सिस्टिम’ ही प्रक्रिया दिसली, तर तो विंडोजच्या गाभ्यातील एचटीटीपी सेवेचा हात असतो. बहुधा आयआयएस हा मायक्रोसॉफ्टचा वेबसर्व्हर पार्श्वभूमीत चालू असतो, आणि मग त्याच पोर्टवर अपाची हा दुसरा वेबसर्व्हर सुरू होत नाही. विंडोजवर हायपर-व्ही ही आभासी संगणक चालवणारी सोय चालू असल्यास काही पोर्टगट राखून ठेवले जातात. तेव्हा पोर्ट मोकळा दिसूनही ‘परवानगी नाही’ असे उत्तर येते. ‘नेटश’ आज्ञेने राखीव पोर्टांची यादी पाहावी व त्या यादीबाहेरचा पोर्ट निवडावा. मॅकच्या २०२१ मधील माँटेरी आवृत्तीपासून पोर्ट ५००० एअरप्ले घेते.

‘लोकलहोस्ट’ हे नाव दोन पत्त्यांकडे नेऊ शकते : जुन्या आयपी-४ मधील १२७.०.०.१ आणि आयपी-६ मधील एक. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या नोड १७ ने नावाचे पत्ते व्यवस्थेकडून येतील त्याच क्रमाने घ्यायला सुरुवात केली. त्यानंतर सर्व्हर एका पत्त्यावर ऐकतो आणि मागणी दुसऱ्यावर जाते, असे प्रसंग वाढले. नावाऐवजी १२७.०.०.१ लिहून पाहिले की निदान लगेच होते. फोनवरून पृष्ठ पाहायचे असेल, तर सर्व्हरला सर्व पत्त्यांवर, म्हणजे ०.०.०.० वर, ऐकायला सांगावे आणि फायरवॉलची परवानगी द्यावी. मात्र ब्राउझर लोकलहोस्टला सुरक्षित मानतो, घरच्या जाळ्यातील साध्या एचटीटीपी पत्त्याला मानत नाही. म्हणून संगणकावर चालणारा कॅमेरा किंवा सर्व्हिस वर्कर फोनवर अडतो.

फाइल, सर्व्हर व ब्राउझर : एचटीएमएल फाइल दोनदा टिचकी मारून उघडली, तर ती सर्व्हरविना थेट डिस्कवरून वाचली जाते. अशा पृष्ठात जावास्क्रिप्टची मॉड्यूल आयात सुरक्षेच्या कारणाने रोखली जाते. छोटासा स्थानिक सर्व्हर लावणे हाच यावरचा उपाय. पायथन ३ मध्ये तो अंगभूत आहे. सर्व्हर लावूनही मॉड्यूल नाकारले गेल्यास उत्तराचा ‘कंटेंट-टाइप’ पाहावा. पायथनचा सर्व्हर विंडोजवर फाइलप्रकार रजिस्ट्रीतून घेतो. तेथे एखाद्या कार्यक्रमाने जावास्क्रिप्टची नोंद ‘साधा मजकूर’ अशी करून ठेवली असेल, तर ब्राउझर ते मॉड्यूल चालवत नाही. आज्ञावली बदलूनही पृष्ठ जुनेच दिसत असेल, तर ‘नेटवर्क’ भागातील कॅश बंद करण्याची खूण करून पृष्ठ पुन्हा मागवावे.

साधने व पॅकेजे : नोड बसवल्यावर ‘आज्ञा ओळखता येत नाही’ असा संदेश आल्यास आधीपासून उघडे असलेले टर्मिनल जुनाच ‘पाथ’, म्हणजे आज्ञा शोधण्याच्या फोल्डरांची यादी, बाळगून असते; ते बंद करून पुन्हा उघडावे. संपादकाच्या आतील टर्मिनल संपादकाकडून पाथ घेते, म्हणून संपादकही बंद करून उघडावा. विंडोज पॉवरशेलमध्ये ‘स्क्रिप्ट चालवण्यास मनाई’ असे उत्तर आल्यास ते सुरक्षाधोरण आहे, एनपीएममधील बिघाड नव्हे. नेहमीच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये तीच आज्ञा चालते. नोड १७ मध्ये ओपनएसएसएल ३ आल्यावर वेबपॅक ४ या बांधणीच्या साधनावर उभे असलेले अनेक जुने प्रकल्प बांधणीच्या वेळी अडले. जुनी पद्धत चालू ठेवणारा पर्याय तेवढ्यापुरता चालतो, खरा उपाय साधन अद्ययावत करणे हाच. पॅकेजांचा गुंता झाल्यास ‘नोड-मॉड्यूल्स’ फोल्डर पुसून ‘एनपीएम सीआय’ आज्ञेने लॉकफाइलबरहुकूम नव्याने बसवणी करावी. लॉकफाइल पुसू नये, कारण ती काल चाललेल्या आवृत्त्यांचा पुरावा आहे.

देवनागरी मजकुरातील दोष : मराठी पृष्ठे घडवणाऱ्याने हे दोष ओळखायलाच हवेत, कारण इंग्रजी मजकुरावर घेतलेल्या चाचणीत ते दिसत नाहीत. यूटीएफ-८ मध्ये साधे रोमन अक्षर १ बाइट घेते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३. ‘मराठी’ या शब्दाची जावास्क्रिप्टमधील लांबी ५ येते, पण बाइट १५ होतात. सर्व्हर लिहिताना ‘कंटेंट-लेंथ’मध्ये अक्षरमालेची लांबी घातली, तर ब्राउझर ५ बाइट घेऊन थांबतो : ‘म’ पूर्ण पोचतो, ‘र’चे ३ पैकी २ बाइट पोचतात, बाकी शब्द गळतो. नोडच्या ‘बफर’मधील बाइटलांबी मोजणारी क्रिया तेथे वापरावी. उत्तरात किंवा पृष्ठाच्या पहिल्या १०२४ बाइटांत यूटीएफ-८ चा उल्लेख नसेल, तर ब्राउझर बहुधा पाश्चात्त्य संकेत गृहीत धरतो आणि मराठीच्या जागी स्वरचिन्हे लावलेल्या रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. विंडोजचे नोटपॅड २०१९ पर्यंत आपोआप यूटीएफ-८ मध्ये जतन करत नसे, त्यामुळे जुन्या फाइलींत देवनागरीची प्रश्नचिन्हे झालेली आढळतात. असा मजकूर परत मिळत नाही.

एकसारखे दिसणारे शब्द आतून भिन्न असू शकतात. ‘तऱ्हा’तील अर्धा र ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाला हलन्त लावून लिहिता येतो, किंवा ‘र’, हलन्त व त्यापुढे अदृश्य शून्यरुंदी जोडचिन्ह घालून. शोधात एक रूप दिले तर दुसरे सापडत नाही. युनिकोडचे ‘नॉर्मलाइज’ ‘र’ व नुक्ता यांचे ‘ऱ’ करते, पण जोडचिन्हाचे रूप तसेच ठेवते. म्हणून शोधापूर्वी दोन्ही रूपे एक करण्याचा नियम स्वतः लिहावा लागतो. संख्यांचाही असाच अनुभव आहे. मराठी स्थानसंकेत दिल्यास जावास्क्रिप्ट संख्या देवनागरी अंकांत दाखवते, मात्र ‘१२’ हा मजकूर पुन्हा संख्येत बदलू पाहिल्यास ‘संख्या नव्हे’ हे उत्तर देते. नोडच्या १३ व्या आवृत्तीपूर्वी सर्व भाषांची माहिती मूळ बसवणीत नसे, त्यामुळे तीच आज्ञावली ब्राउझरमध्ये देवनागरी अंक व नोडमध्ये इंग्रजी अंक देई.

प्रतिबंध : नोडची आवृत्ती प्रकल्पात नोंदवावी, फाइलनावे लहान रोमन अक्षरांत ठेवावी, ओळीच्या शेवटाची रीत गिटमध्ये ठरवून द्यावी आणि चाचणीच्या मजकुरात जोडाक्षरे असलेली मराठी वाक्ये घालावी. दोष सुटल्यावर मूळ संदेश, त्याचे कारण व उपाय प्रकल्पाच्या ‘रीडमी’ फाइलमध्ये लिहून ठेवावा. नोंद मराठी सहकाऱ्यांसाठी असेल तर मराठीत लिहावी, दोषसंदेश मात्र पडद्यावर दिसतो तसाच ठेवावा. पुढे हाच संदेश ज्याच्या पडद्यावर येईल तो त्याच शब्दांनी शोध घेतो, आणि नीट लिहिलेली एक नोंद त्याचा दिवस वाचवते.