जुन्नरची पोढी आणि क्रिता

सामायिक वस्तू सामायिक खर्चाने उभी राहते, ही जुन्नरची जुनी रीत आहे. इथल्या सातवाहनकालीन लेण्यांच्या शिलालेखांत धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यावसायिक संघाने, 7 खोल्यांचे लेणे आणि एक पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दिल्याची नोंद आहे. इरिल नावाच्या यवनाने 2 टाकी दिली, चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भोजनमंडप. एवढे थोर काम कोणा एकट्याच्या तिजोरीतून झालेले नाही. क्रिता ह्या मुक्तस्रोत चित्रकला-सॉफ्टवेअरचे असेच आहे: 2014 मध्ये त्याच्या विकासासाठी लोकवर्गणी झाली, आणि आजही वापरणाऱ्यांच्या देणग्या त्याला मोठा आधार देतात.

कोणी म्हणेल, ते दान पुण्यासाठी होते, हे तर हत्यार आहे; शिवाय फुकट मिळते त्याला पैसे का द्यावेत? पण टाक्याचे पाणीही फुकटच होते, आणि दात्याच्या हेतूने त्याची चव बदलत नव्हती. खरा प्रश्न निगराणीचा आहे. तो जुन्नरकरांनी ओळखला होता: बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे, कायम उत्पन्न मिळत राहावे म्हणून, रक्कम गुंतवल्याचे लेख इथेच आहेत. म्हणून जुन्नर-आंबेगावातल्या चित्रकाराने क्रिता जरूर वापरावे, आणि जमेल तेव्हा वर्गणी, चुकांची नोंद किंवा मराठी भाषांतर द्यावे.