मुंबई बघायची, पण खोपोलीहून

आजच्या भागात लढाई नाही, किल्ला नाही. आज मुंबई बघायला जायचंय. आमच्या कर्जत-खालापूरकडे हा ठरलेला कार्यक्रम असतो: सकाळची लोकल, व्हीटीला उतरायचं, बाजार फिरायचा, पोटभर खायचं आणि संध्याकाळच्या गाडीने घरी. रोज नोकरीला जाणाऱ्यांची मुंबई वेगळी. माझं म्हणणं एवढंच, की या सहलीत आपण जे बघतो त्यातलं बरंचसं आपल्याच दोन तालुक्यांतून गेलेलं आहे.

गाडीचंच घ्या. 1853 ला बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली आणि तीनच वर्षांत, 1856 ला, रूळ खोपोलीपर्यंत आले. पुढे बोरघाट आडवा! उतारू खोपोलीत उतरायचे आणि पालखी, तट्टू, जे मिळेल त्याने 1830 च्या घाटरस्त्याने वर खंडाळ्याला जायचे. 1858 पासून तिथे पुण्याची गाडी मिळायला लागली. नाना फडणवीसांच्या काळातलं तळं आणि विरेश्वराचं देऊळ खोपोलीत आधीपासून होतंच, त्यामुळे विसाव्याची सोय तयार.

1863 ला घाटातून रूळ गेले आणि खोपोली बाजूला पडली. मोठं झालं ते कर्जत. घाट चढायला गाडीला मागून जादा इंजिन जोडावं लागतं, म्हणून गाडी थांबते, आणि थांबलेल्या गाडीला वडा लागतो. दिवाडकरांचं नाव पुण्या-मुंबईत झालं ते या थांब्यामुळे.

हे झालं गमतीचं. पण तो घाट स्वस्तात झाला नाही. पंचवीस बोगदे फोडायचे होते. 1861 मध्ये चाळीस हजारांहून जास्त मजूर कामावर होते. सुरुंग, पटकी, ताप यांत हजारो गेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 ला आला आणि लगेचच आजाराने वारला. त्याच्या बायकोने, ॲलिसने, कंत्राट पुढे नेलं. इतिहासाच्या पुस्तकांत ट्रेडवेल नवराबायको नावाने भेटतात. मजूर भेटतात ते आकड्यात.

तर, व्हीटीला उतरलो. समोरच्या गल्लीत पुरीभाजी खायची आणि चालत क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा फुले मंडई. इमारत 1869 ची. आत शिरण्याआधी जरा मान वर करा, दारावर दगडात शेतकरी कोरलेत. लॉकवुड किपलिंगचं काम, रुडयार्डचे वडील. लोक सरळ आंब्यांच्या पेट्यांकडे जातात, वर कोणी बघत नाही. नंतर फालुदा. तो हवाच.

आता गिरणगाव. 1915 ला टाटांचं खोपोलीचं वीजघर सुरू झालं. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी नळांतून घाटाखाली आणायचं, त्यावर वीज करायची, आणि ती तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना. कोळशाच्या धुराला तो पर्याय होता. गिरण्या गेल्या, तिथे मॉल आले. वीजघर मात्र चालू आहे आणि तिथून सुटलेलं पाणी अजून पाताळगंगेला मिळतं.

मे महिन्यात गेलात तर परतताना दादरला उतरा. स्टेशनबाहेर पानांच्या द्रोणात करवंदं, जांभळं घेऊन बसलेल्या बायका दिसतील. त्यांतल्या कित्येक आपल्याच बाजूच्या ठाकूर-कातकरी वाड्यांवरून पहाटेच्या गाडीने आलेल्या असतात. एक द्रोण घ्या. गाडीत कर्जतपर्यंत पुरतो.

पुढच्या भागात नेरळहून माथेरानची गाडी, 1907.