नव्या संगणकाची जुनी कुळकथा

नवा लॅपटॉप घरात येतो तेव्हा त्याच्याबरोबर एखादी पातळशी पुस्तिका येते, आणि पुष्कळदा तीही येत नाही. खोके उघडावे, तार जोडावी, कळ दाबावी आणि पडद्यावर जे प्रश्न विचारले जातील त्यांची उत्तरे देत जावे, एवढाच काय तो विधी. घरातील तरुण मंडळी तो पाहता पाहता उरकतात. वडीलधारी मात्र प्रत्येक प्रश्नापाशी थबकतात. त्यांचे हे थबकणे वावगे म्हणता येणार नाही. या प्रश्नांच्या मागे सत्तर वर्षांचा इतिहास उभा आहे. तो थोडाफार ठाऊक असला म्हणजे कोणती सूचना पाळावी, कोणती जुनी समजूत सोडावी आणि यंत्र अडून बसले तर कोठून पाहावयास लागावे, हे सहज उमगते.

आपल्या देशापुरते बोलावयाचे तर आरंभ मुंबईपासून करता येईल. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांच्या एका गटाने संगणक स्वतःच बांधावयास घेतला. त्याचा प्रायोगिक नमुना १९५६ साली चालू झाला, पूर्ण यंत्र १९६० च्या फेब्रुवारीत कामास लागले, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० डायोड आणि १२,५०० रोधक होते. छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून त्याला आज्ञा द्यावयाच्या आणि टेलिप्रिंटरवर उत्तरे घ्यावयाची. नवे यंत्र मांडणे म्हणजे त्या काळी काही वर्षांचे काम होते. ज्यांच्या घरी पूर्वी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यांना आठवत असेल की पाचसहा व्हॉल्व्हपैकी एखादा अधूनमधून जाई आणि रेडिओ मुका होई. येथे तर हजारो व्हॉल्व्ह एका वेळी तापत असत. पण एक गोष्ट त्या गटाच्या बाजूची होती. यंत्र बांधणारे, वापरणारे आणि दुरुस्त करणारे हात बहुतांशी एकाच घरचे होते. कोठे कोणती तार जाते हे त्यांना पाठ होते.

असे खोलीभर पसरलेले यंत्र मांडीवर कसे आले? त्याची कल्पना यंत्राच्या आधी जन्मली. अमेरिकेतील ॲलन के या शास्त्रज्ञाने १९७२ साली एका निबंधात वहीएवढ्या, मुलांनाही सहज हाताळता येईल अशा संगणकाचे चित्र रंगविले आणि त्यास ‘डायनाबुक’ असे नाव दिले. त्या काळी ते बांधणे शक्य नव्हते. पुढे १९८१ साली ॲडम ऑस्बर्न याने उचलून नेता येईल असा एक संगणक बाजारात आणला. या ऑस्बर्नचे बालपण आपल्या तामिळनाडूत, तिरुवण्णामलै येथे गेले होते आणि त्याचा अंतही २००३ साली कोडैकानल येथे झाला. त्याचे यंत्र शिवणयंत्राच्या पेटीसारखे दिसे. वजन सुमारे ११ किलो, पडदा अवघा पाच इंचांचा, आणि मूळ यंत्रात बॅटरी नव्हती. तरीही त्याबरोबर लेखनाची व हिशेबाची आज्ञावली मिळत असल्यामुळे गिऱ्हाइकास ते थेट कामास लावता येई. यंत्र घरी आणावे आणि स्वतःच चालू करावे, हा परिपाठ अशा यंत्रांनी पाडला. कंपनी मात्र १९८३ साली दिवाळखोरीत गेली.

आजच्या लॅपटॉपचा आकार ठरविण्याचे श्रेय बिल मॉग्रिज या इंग्रज आराखडाकाराकडे जाते. १९८२ च्या ‘ग्रिड कंपास’ या यंत्रात त्याने पडदा बिजागरीवर बसवून कळफलकावर मिटता येईल असा केला. अमेरिकेच्या अंतराळयानांतूनही हे यंत्र नेले गेले. १९८५ साली आलेल्या तोशिबाच्या यंत्राचे वजन चार किलोंच्या आसपास होते आणि ते पुन्हा पुन्हा भारता येणाऱ्या बॅटरीवर चाले.

बॅटरीचा उल्लेख झाला, तेव्हा एका जुन्या समजुतीचा उलगडा येथेच करतो. बॅटरी पूर्ण उतरू द्यावी आणि मगच पूर्ण भरावी, असा सल्ला अद्यापही ऐकू येतो. हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीचा काळ चालू असताना दिला जाई. अर्धवट वापरून वारंवार भरल्यास तिची शक्ती घटल्यासारखी होते, असा अनुभव होता. १९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. या बॅटरीच्या पायाभूत संशोधनाबद्दल २०१९ साली गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या नव्या जातीच्या बॅटरीला पूर्ण रिते होणे मानवत नाही, आणि उष्णता तर मुळीच नाही. म्हणून नवा लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून चालवू नये. त्याचे वायुमार्ग बुजतात. बॅटरी फुगून तळ वर आलेला दिसला तर यंत्र बंद करून ते जाणकाराकडे न्यावे, ती दाबू वा टोचू नये. कारण नाहीसे झाल्यावरही सल्ला मात्र उरतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

आता आपल्या भाषेचा प्रश्न. यंत्र मांडताना ते भाषा कोणती असे विचारते, आणि आपण सवयीने इंग्रजीवर बोट ठेवून पुढे जातो. या एका प्रश्नात मराठी जोडण्याची सोय दडलेली आहे आणि ती मिळविण्यास बरेच श्रम पडले आहेत. कानपूरच्या आय.आय.टी.त भारतीय लिप्यांसाठी झालेले काम पुढे पुण्याच्या सी-डॅक या १९८८ साली स्थापन झालेल्या संस्थेत वाढीस लागले. १९९१ साली भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली राष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. युनिकोड सर्वत्र रुळेपर्यंत पुष्कळ मराठी मजकूर ज्याच्या त्याच्या टंकाच्या खाजगी संकेतात लिहिला जाई. एका यंत्रावरील पत्र दुसऱ्यावर उघडले की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसे. तसे जुने लेखन आजही कोणाच्या संग्रही असेल, तर त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करून ठेवणे हिताचे आहे.

इन्स्क्रिप्ट नावाच्या कळफलकाची रचना आपल्या वर्णमालेला धरून आहे. स्वर व मात्रा मुख्यतः डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. ‘क’ ज्या कळीवर, तीच शिफ्टसह दाबली की ‘ख’. ‘ल’च्या कळीवर शिफ्टने ‘ळ’ मिळतो आणि ‘र’च्या कळीवर शिफ्टने ‘ऱ’. या शेवटच्या अक्षरामुळेच ‘वाऱ्याचा’ हा शब्द ‘वार्याचा’ असा विद्रूप न होता नीट लिहिता येतो. मराठी माणसाने नव्या यंत्रावर पहिल्याच दिवशी हा कळफलक जोडून घ्यावा, हे सुचविण्यामागे एवढे साधे कारण आहे.

यंत्र बिघडले म्हणजे काय करावे, याचा धडाही इतिहासात आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क २’ या यंत्राच्या एका रिलेत ९ सप्टेंबर १९४७ रोजी एक पतंग अडकलेला सापडला. तेथील मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. ती वही आता अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. दोषाला ‘बग’ म्हणजे कीटक म्हणण्याची रीत त्याआधीचीच, एडिसनच्या काळापासूनची. पण त्या दिवशी कीटक खरोखरच हाती लागला. त्यांची पद्धत ध्यानात घेण्याजोगी आहे: दोष एका जागेपर्यंत आवळीत न्यावा, आणि जे सापडेल ते तारखेसह लिहून ठेवावे. यंत्र सुरूच होत नसेल तर आधी भिंतीतील वीज, मग चार्जर, मग यंत्र असा क्रम धरावा. जोडलेली उपकरणे काढून पाहावी. एका वेळी एकच बदल करावा. दोन केले तर गुण कोणत्या उपायाचा, हे कळत नाही.

बंद करून पुन्हा सुरू करा, हा उपाय पुष्कळांना थट्टेचा वाटतो. तोही विचारान्ती योग्यच ठरतो. टिफ्रॅकची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. वीज गेली तरी कड्यांतील चुंबकत्व राही आणि मजकूर टिके. १९७० नंतर अर्धवाहकांची स्मृती रूढ झाली. ती स्वस्त व वेगवान खरी, पण वीज तुटताच सारे विसरते. म्हणून न साठविलेले लेखन क्षणात जाते. आणि त्याच विस्मृतीमुळे कामाच्या ओघात स्मृतीत झालेला गोंधळही पुसला जाऊन यंत्र ताळ्यावर येते.

शेवटी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जुन्या यंत्राचा प्रत्येक भाग उघडा होता. आजचे यंत्र कुलूपबंद आहे. अनेक नव्या लॅपटॉपांत साठविलेला मजकूर आपोआप गुप्त संकेतात बदलला जातो. चोराच्या हाती यंत्र पडले तर ही तटबंदी उपयोगी पडते. परंतु परवलीचा शब्द विसरला, किंवा दुरुस्तीनंतर यंत्राने मालकास ओळखले नाही, तर तीच तटबंदी मालकाला बाहेर ठेवते. त्या वेळी पुनःप्राप्तीची किल्ली लागते. विंडोजमध्ये ती ४८ अंकी असते. ती नसेल तर कुशल कारागीरही हात टेकतो, आणि लेकीच्या लग्नाची छायाचित्रे, आजोबांच्या आठवणींचे टिपण, घराचे कागद सारे यंत्रात असूनही कायमचे गेल्यासारखेच असते.

यास्तव नवा लॅपटॉप आल्यावर क्रम असा ठेवावा. प्रथम तो विजेला जोडून सुरू करावा आणि अद्ययावत करून घ्यावा. मग मराठी कळफलक जोडावा. मग पुनःप्राप्तीची किल्ली कागदावर उतरून घराच्या दस्तऐवजांत ठेवावी. मग वेगळ्या चकतीवर राखीव प्रत घेण्याची व्यवस्था करावी, आणि एखादी फाइल त्या प्रतीवरून परत आणून पाहावी. हे झाल्यावरच जुन्या यंत्रातील मौल्यवान मजकूर नव्यात हलवावा. शेजारी एक साधी वही ठेवून प्रत्येक दोष व त्याचा उपाय तारखेसह लिहून ठेवला, तर पुढल्या खेपेस तीच वही पहिली उपयोगी पडेल.