शरदातली सहल : लहान मुलांसह वाई आणि कृष्णाकाठ

सर्वपित्री अमावास्या सरते, घरोघरी घट बसतात आणि पावसाचा जोर ओसरू लागतो. आकाश धुतल्यासारखे निळे होते, डोंगरांवरची हिरवाई अजून टिकून असते आणि ओढ्यांचे गढूळ पाणी निवळते. आश्विन आणि कार्तिक हे शरद ऋतूचे दोन महिने. याच काळात शाळांना दिवाळीची सुट्टी लागते आणि मुंबई-पुण्यातील कुटुंबे सहलीचे बेत आखू लागतात. घरात तीन ते आठ वर्षांचे मूल असेल, तर मात्र हा बेत अनेकदा फसतो. मोठ्यांच्या यादीतली दहा ठिकाणे एका दिवसात उरकण्याच्या घाईत मुलांच्या वाट्याला गाडीतली मागची जागा, उशिराचे जेवण आणि संध्याकाळची चिडचिड एवढेच येते.

महाबळेश्वर-पाचगणीकडे धावणारी बहुतेक वाहने ज्या गावातून न थांबता पुढे जातात, ते वाई अशा कुटुंबांसाठी अधिक सोयीचे आहे. सातारा जिल्ह्यातील, कृष्णेच्या काठी वसलेले हे तालुक्याचे गाव. घाट, मंदिरे, वाडे, धरण आणि डोंगर अशी सारी विविधता येथे आठ-दहा किलोमीटरच्या परिघात सापडते. लहान मुलांना मानवणारे अंतर साधारण एवढेच असते.

पूर फोडणारी भिंत

‘दक्षिण काशी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाईत कृष्णेवर एकापाठोपाठ एक दगडी घाट आहेत. मधली आळी, गंगापुरी, धर्मपुरी, रामडोह, भीमकुंड अशी त्यांची नावे आळ्यांशी आणि डोहांशी जोडलेली आहेत. त्यांतील गणपती आळीचा घाट सर्वांत गजबजलेला. येथील महागणपतीचे मंदिर सरदार गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. मूर्ती एकसंध दगडातली आणि भव्य असल्याने लोकांनी तिला ‘ढोल्या गणपती’ हे लाडके नाव दिले. मुलांना ते नाव ऐकताच हसू येते आणि मूर्ती पाहिल्यावर पटतेही.

मंदिरात जाण्याआधी मुलांना एक चक्कर मागच्या बाजूने मारायला लावावी. देवळाची मागील भिंत सपाट नाही, तिचा आकार माशासारखा निमुळता आहे. पावसाळ्यात कृष्णेला पूर आला, की पाण्याचा लोंढा या टोकावर दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो, त्यामुळे भिंतीवर थेट मारा होत नाही. पेल्यात बोट धरून वरून पाणी ओतले, की हीच गोष्ट पाच वर्षांच्या मुलालाही कळते. शेजारच्या काशीविश्वेश्वराच्या मंदिरातील काळ्या गुळगुळीत दगडाचा नंदीही मुलांना आवडतो. त्याच्या गळ्यातील घुंगरमाळा आणि अंगावरची झूल दगडातच कोरलेली आहे.

याच वाईत मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘हे काय?’ आणि ‘असे का?’ असे दिवसभर विचारणाऱ्या मुलांना, अशा असंख्य प्रश्नांची उत्तरे ज्या गावात लिहिली गेली ते हे गाव, एवढे सांगितले तरी पुरे.

पाण्याजवळचा पहिला नियम

शरदातील कृष्णा शांत दिसते, पण तिच्या या शांतपणावर विसंबणे योग्य नाही. वाईच्या वर धोमचे धरण आहे आणि पावसाळ्याच्या अखेरीस ते भरलेले असते. परतीचा पाऊस झाला किंवा धरणातून विसर्ग वाढवला, तर घाटावरील पाण्याची पातळी पाहता पाहता चढते. शिवाय चार महिने पाण्याखाली राहिलेल्या पायऱ्यांवर शेवाळ धरलेले असते. कोरड्या दिसणाऱ्या पायरीवरूनही लहान पाय सहज घसरतो.

पाण्यात बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. श्वास घेण्याची धडपड चालू असताना आवाज काढणे त्याला शक्यच नसते. सारे काही मिनिटाभरात आणि निःशब्द घडते. आसपास दहा मोठी माणसे असूनही दुर्घटना होते ती यामुळेच. प्रत्येकाला वाटत असते, दुसऱ्या कुणाचे तरी लक्ष आहे. म्हणून घाटावर उतरण्यापूर्वीच घरातील एका मोठ्या माणसाकडे मुलांची जबाबदारी नाव घेऊन सोपवावी. त्या वेळेत त्याने छायाचित्रे काढू नयेत, मोबाइलवर बोलू नये आणि मूल हाताच्या अंतरापलीकडे जाऊ देऊ नये. कंटाळा आला, तर जबाबदारी तोंडाने सांगून दुसऱ्याकडे द्यावी. पाण्यात पाय बुडवण्याचा हट्ट वरच्या कोरड्या पायरीवर तांब्याभर पाणी ओतून पुरवता येतो. धरणाच्या जलाशयाच्या काठालाही हाच नियम लागू आहे. तेथील मऊ गाळात पाय रुततो आणि खोलीचा अंदाज येत नाही.

मेनवलीची घंटा

वाईपासून सुमारे तीन किलोमीटरवर मेनवली आहे. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांचा अनेक चौकांचा वाडा आणि त्यामागचा कृष्णेवरचा घाट यांसाठी हे गाव ओळखले जाते. २००४ मध्ये आलेल्या ‘स्वदेस’ या हिंदी चित्रपटाचे चित्रीकरण येथे झाले होते, त्यामुळे घाट पाहताच मोठ्यांना ओळखीचा वाटतो.

मुलांसाठी मात्र येथील खरे आकर्षण घाटावरच्या छोट्या देवळातील प्रचंड घंटा हे आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला, तेव्हा चर्चमधील घंटा विजयचिन्हे म्हणून आणण्यात आल्या. त्यांतील ही एक. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. समुद्रकाठच्या चर्चमधून निघालेली घंटा घाटमाथ्याच्या अलीकडे नदीकाठच्या देवळात कशी पोहोचली, ही गोष्ट वाटेत गाडीतच सांगून ठेवावी. मग आकृती कुठे आहे, हे मुले स्वतः शोधून काढतात.

जुन्या वाड्यांच्या तुळयांना आणि कड्यांना आग्या मोहोळ असू शकते. अशा जागी दगड मारणे, धूर करणे किंवा मोठ्याने आरडाओरड करणे टाळावे. वाडा खासगी मालकीचा असल्याने आत जाण्याच्या वेळेची चौकशी गावातच करून घ्यावी.

कासवावरचा नंदी

धोम गाव वाईपासून आठ-नऊ किलोमीटरवर आहे. धौम्य ऋषींवरून हे नाव पडल्याचे परंपरा सांगते. येथील महादेवाच्या मंदिरासमोर कमळाच्या आकाराचे दगडी कुंड असून त्याच्या मधोमध कासवाच्या पाठीवर नंदी बसला आहे. कुंडात पाणी भरले, की कासव नंदीला घेऊन पोहत असल्याचा भास होतो. शिल्पकाराने जणू मुलांसाठीच केलेली ही कल्पना पाहण्यास अर्धा तास पुरतो. पुढे जलाशयाच्या बाजूने दिसणारा डोंगराचा पट लांबूनच पाहावा.

वाटेतली शेते हाही सहलीचाच भाग आहे. वाई परिसर हळदीसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. मे-जूनमध्ये लावलेली हळद शरदात कमरेइतकी वाढलेली असते. शेतकऱ्याची परवानगी घेऊन एखादे पान चुरगळले, तर त्याचा वास मुलांच्या कायम लक्षात राहतो. स्वयंपाकघरातली पिवळी पूड जमिनीखालच्या कंदातून येते, हे शहरातील अनेक मुलांना प्रथमच कळते. स्ट्रॉबेरीची अपेक्षा मात्र या दिवसांत ठेवू नये. सप्टेंबर-ऑक्टोबर हा तिच्या लागवडीचा काळ आहे आणि फळांचा बहर हिवाळ्यात येतो.

पसरणीचा घाट

वाईहून पाचगणीकडे जाताना पसरणीचा घाट लागतो. शाहीर साबळे यांचे जन्मगाव असलेले पसरणी याच घाटाच्या पायथ्याशी आहे. दहा-बारा किलोमीटरच्या अंतरात रस्ता सुमारे सहाशे मीटर चढतो. वळणांमुळे लहान मुलांना मळमळ होते. निघण्यापूर्वी तासभर आधी हलके खाणे द्यावे, तेलकट पदार्थ व दूध टाळावे, गाडीच्या काचा थोड्या उघड्या ठेवाव्यात आणि मुलांच्या हाती पुस्तक किंवा मोबाइल देऊ नये. समोरच्या रस्त्याकडे किंवा दूरच्या डोंगराकडे पाहत राहिल्यास त्रास कमी होतो. मूल मांडीवर घेऊन पुढच्या आसनावर बसण्याची सवय धोकादायक आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलांना सुरक्षा पट्टा किंवा बालआसन बंधनकारक आहे.

घाटाच्या कडेला या दिवसांत सोनकीची पिवळी फुले आणि तेरडा फुललेला असतो. वर पाचगणीचे टेबल लँड हे जांभ्या दगडाचे विस्तीर्ण पठार मुलांना धावायला मोकळे मिळते. मात्र पठाराचे कडे सरळ तुटलेले आहेत. खेळ मध्यभागी आणि मोठी माणसे कड्याच्या बाजूला, अशी रचना ठेवावी.

कास : एक वेगळा दिवस

शरदातील सहल म्हटली, की साताऱ्याजवळच्या कास पठाराचे नाव निघतेच. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर असलेले हे पठार २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. फुलांचा बहर ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत असतो. दिवाळीच्या सुट्टीत गेलेल्या कुटुंबांच्या पदरी निराशा येते ती यामुळे. हंगामात प्रवेशासाठी आधी नोंदणी करावी लागते. वाईहून जाऊन-येऊन हा संपूर्ण दिवसाचा प्रवास असल्याने तो इतर ठिकाणांना जोडू नये.

येथील जांभ्यावर मातीचा थर अगदी पातळ असतो. त्यावर वाढणारी रोपे वीतभरही उंच नसतात. फुलांच्या गालिच्यात बसवून मुलाचे छायाचित्र काढण्याचा मोह एका क्षणाचा असतो, पण त्याखाली चिरडलेल्या रोपांचे बी पडत नाही आणि पुढच्या वर्षी तो तुकडा ओकाबोका राहतो. टोपली कारवीसारखी वनस्पती तर सात वर्षांनी एकदा फुलते. मुलांना पायवाटेवर उकिडवे बसवून दवबिंदूसारखी कीटक पकडणारी इवलीशी वनस्पती दाखवावी. वनस्पती किडा खाते, हे नवल लांबवर पसरलेल्या रंगांपेक्षा त्यांना अधिक खिळवून ठेवते.

दिवसाचे माप

ऑक्टोबरचे ऊन फसवे असते. सकाळी गारवा, दुपारी तलखी आणि सूर्यास्तानंतर पुन्हा थंडी, असे तीन ऋतू एका दिवसात भेटतात. सकाळी सात ते साडेदहा आणि दुपारी चारनंतर असे दोन भाग करावेत. मधला वेळ जेवण व झोपेसाठी ठेवावा. पाच वर्षांखालील मुलासाठी अर्ध्या दिवसात एक ठिकाण पुरेसे असते. महिनाअखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, हे परतीच्या वेळेचा हिशेब करताना लक्षात ठेवावे.

पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, टोपी, पातळ स्वेटर, घट्ट बसणारी पादत्राणे, घरचे उकळलेले पाणी आणि क्षार-साखरेची पाकिटे सोबत असावीत. पावसाळ्यानंतर डासांमुळे पसरणारे ताप वाढतात, म्हणून संध्याकाळी हातपाय झाकलेले ठेवावेत. गवत अजून उंच असल्याने साप-विंचू दिसत नाहीत. मुलांना गवतात शिरू देऊ नये आणि दगड उचलू देऊ नयेत. दंश झाल्यास बांधणे, कापणे असे उपाय न करता मुलाला स्थिर ठेवून तातडीने रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

सहलीचा किल्ला

वाईतून मान वर केली, की पांडवगड आणि वैराटगड दिसतात. चिमुकल्या मुलांना त्यांवर चढवण्याचा अट्टहास नको. खालूनच गडाचा आकार, तटाची रेषा, माथ्याचा सपाट भाग पाहून कागदावर काढायला सांगावे. दिवाळीत अंगणात किंवा इमारतीच्या आवारात जो मातीचा किल्ला उभा राहतो, त्याला या वर्षी खरा नकाशा मिळतो. पायथ्याशी निळ्या कागदाची कृष्णा, तिच्या काठी माशाच्या आकाराची भिंत, चढावर हिरवळीसाठी पेरलेले अळीव. कोणत्या मुलाने काय पाहिले, हे त्या किल्ल्यावरून कळते. मोठ्यांच्या यादीतली चार ठिकाणे राहून गेली असतील, तरी मुलांच्या किल्ल्यात त्यांची उणीव कुणाला जाणवत नाही.

कसे जाल?

पुण्याहून बंगळुरू महामार्गाने खंबाटकी घाट ओलांडल्यावर सुरूर फाट्यावरून वाईकडे वळावे. पुणे ते वाई हे अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास आहे. पुण्यातील स्वारगेट स्थानकावरून वाई व महाबळेश्वरकडे जाणाऱ्या एसटी गाड्या मिळतात. रेल्वेने येणाऱ्यांना वाठार व सातारा ही स्थानके जवळची आहेत. दिवाळीच्या आठवड्यात आणि शनिवार-रविवारी घाटात वाहनांच्या रांगा लागतात. शक्य असल्यास मधल्या वारी जावे आणि मुक्काम वाईतच करावा.